भिंतीवरची लाट

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमचा भाचा हिंजवडीहून जांब्याला आला तो मोटारसायकलच्या मागे चादरीत गुंडाळलेली एक मोठी तसबीर बांधूनच. तो तिथल्या एका कंपनीच्या कचेरीत साफसफाईच्या कामाला आहे. कंपनीने एक मजला रिकामा केला. खुर्च्या-टेबले लिलावात गेली आणि भिंतीवरच्या तसबिरी जिन्याखाली भंगारवाल्याची वाट पाहत पडल्या. ह्याने साहेबाला विचारून त्यातली एक उचलली. काच फुटलेली नव्हती, चौकट चांगली होती. ‘मामा, चौकट तरी कामाला येईल,’ असे त्याचे म्हणणे.

चादर सोडली तेव्हा आमच्या मातोश्री ओट्यावर डाळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारले, ‘‘कुणाची रं ही तसबीर?’’

‘‘आजी, कुणाची नाय. चित्र हाय. जपानचं.’’

‘‘मग हार कुणाला घालायचा?’’

आम्ही हसलो खरे, पण वाचक हो, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या घरात आजवर हार न घालायची एकही तसबीर भिंतीवर लागलेली नाही. तथागत आहेत, बाबासाहेब आहेत, जोतिराव-सावित्रीबाई आहेत, आजोबा आहेत. भिंत ही वंदनासाठी, असेच आमच्या घराने मानले. नुसते पाहायला म्हणून, डोळ्यांना बरे वाटते म्हणून एक चित्र खिळ्याला टांगायचे, ही गोष्ट आमच्या घरी प्रथमच घडत होती. पत्नीचे म्हणणे, त्या जागेवर भांड्यांची फळी मारा. मुलीचे म्हणणे, चित्रच लावायचे. दोन दिवस तसबीर भिंतीला टेकून जमिनीवरच उभी होती आणि घरातला जो तो येता-जाता तिच्याकडे पाहत होता.

चित्र तुम्हीही पाहिले असेल, नाव माहीत नसले तरी. निळ्या समुद्राची डोंगराएवढी लाट उठली आहे, तिच्या फेसाला वाघाच्या नख्या फुटल्यासारखे दिसते आणि लाटेच्या पोटातून दूरवर एक बर्फाचा डोंगर इवलासा दिसतो. हा फुजी पर्वत. चित्रकाराचे नाव होकुसाई. साल १८३१ च्या सुमाराचे. त्या वेळी होकुसाई सत्तरीचा होता. फुजीची छत्तीस दृश्ये काढायची म्हणून त्याने मालिका सुरू केली, ती इतकी खपली की आणखी दहा वाढवून सेहेचाळीस करावी लागली. आज जपानच्या हजार येनच्या नोटेच्या मागच्या बाजूला हीच लाट आहे. ती नोट ३ जुलै २०२४ रोजी चलनात आली.

पण हे चित्र रंगवलेले नाही, ते छापलेले आहे, आणि लाकडावरून छापलेले आहे. ह्या गोष्टीने आम्ही त्याच्या मागे लागलो.

आधी आमच्या भिंतीविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या आजोबांच्या लहानपणी घराला भिंत अशी नव्हतीच, कुड होता. कुडाला खिळा ठोकता येत नाही. पुढे मातीची भिंत आली तेव्हा तिच्यावर जे कागद चिकटले ते देवादिकांचे. ते कागद कुठून आले हा इतिहास आपल्या भागातलाच आहे. राजा रविवर्मा ह्या चित्रकाराने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो मळवलीला हलवला. भाजे-कार्ल्याची लेणी पाहायला आपण ज्या मळवली स्टेशनावर उतरतो तीच ही मळवली. तिथे दगडी शिळांवरून रंगीत लक्ष्मी, सरस्वती छापल्या जात आणि बाजारात जात. विसाव्या शतकाच्या आरंभी हा छापखाना श्लायशर नावाच्या एका जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, आणि १९७२ साली आगीत जळाला. त्याच्याही आधी, १८७८ साली, पुण्यात चित्रशाळा छापखाना निघाला होता. ज्या माणसांना देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवू देत नव्हते त्यांच्या घरात अशा रीतीने कागदाचा देव आला. छापखाना जात विचारीत नाही, आणे मोजून घेतो. लोकांना ते कौतुक वाटले असेल तर त्यात नवल नाही.

आजोबा देहूरोडच्या डेपोत कामाला होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली तेव्हा ते त्या गर्दीत उभे होते. पुढे १९५६ ची धम्मदीक्षा झाली आणि घरातले सगळे देवाचे कागद उतरवून पवनेत सोडले गेले. आजी सांगत असे, भिंत कितीतरी दिवस उघडी होती, खिळे तेवढे राहिले होते. मग देहूरोडहूनच आजोबांनी तथागतांचे एक छापील चित्र आणले, काचेत घातले आणि त्याच खिळ्याला लावले. त्या चित्राचे आमच्या हातून पुढे काय झाले ते खाली सांगणार आहोत. सांगायला जड जाते, पण सांगितले पाहिजे.

आता लाकडावरच्या छपाईकडे येऊ. लाकडाचा ठसा म्हटले की आपल्याला साड्यांवर, चादरींवर छाप मारणारे रंगारी आठवतात. जपानी ठशाची जातकुळी तीच, मात्र काम फार नाजूक. त्यासाठी डोंगरी चेरीचे घट्ट लाकूड वापरीत. चित्रकार पातळ कागदावर रेषांचे चित्र काढून देई. कोरक्या तो कागद फळीवर पालथा चिकटवी आणि कागदासकट लाकूड कोरी. रेष तेवढी उभी ठेवायची, बाकीचे सगळे खोदून काढायचे. म्हणजे चित्रकाराचे मूळ चित्र कोरण्यातच नाहीसे होई. होकुसाईच्या हातची लाट आज कुठेच नाही, आहेत त्या तिच्या छापील प्रती. रेषांची फळी तयार झाली की प्रत्येक रंगासाठी वेगळी कोरणी करायची. लाकूड वाचावे म्हणून एकाच फळीच्या दोन्ही बाजू कोरीत. मग छापणारा कुंचल्याने फळीवर रंग लावी, ओलसर कागद तिच्यावर ठेवी आणि वरून हाताने घासी. घासण्यासाठी बांबूच्या पात्यात बांधलेली एक गोल चकती असते. यंत्र नाही, दाब नाही, नुसता खांदा आणि मनगट. प्रत्येक रंगाला कागद पुन्हा त्याच जागी बसला पाहिजे, म्हणून फळीच्या कोपऱ्यात काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खूण कोरलेली असते. एवढ्याशा खाचेवर सगळा हिशेब. कागद केसभर सरकला तर माणसाचे ओठ गालावर जातील.

रंगीबेरंगी छपाईची ही रीत १७६५ च्या सुमारास हारुनोबू नावाच्या चित्रकाराच्या काळात रुळली. लाटेचा निळा रंग मात्र जपानचा नव्हे. तो अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत, बर्लिनमध्ये सापडलेला निळा. डच आणि चिनी व्यापाऱ्यांनी तो जपानात आणला आणि १८३० च्या आसपास तो स्वस्त झाला, तेव्हा छापणाऱ्यांनी त्याच्यावर उडीच घातली. आधीचा वनस्पतीचा निळा उन्हाने उडून जाई, हा टिकला.

आणि किंमत? आम्हाला कारकुनी सवयीने आधी किंमत विचारावीशी वाटते. त्या काळच्या एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, असे एक चित्र साधारण एक-दोन वाडगे शेवयांच्या किमतीला मिळे. आपल्याकडच्या हिशेबाने मिसळीच्या एक-दोन प्लेटी समजा. हमाल, सुतार, मासळीवाला, नाटकवेडा कामगार असे कोणीही ते घेऊन घरी जाई. राजेरजवाड्यांकडे रंगवलेले पडदे असत. हे कागद कष्टकरी आणि दुकानदार लोकांचे. चित्रांत असत ते नट, कुस्तीगीर, बाजार, पाऊस, पूल आणि प्रवासी. हिरोशिगे नावाच्या दुसऱ्या चित्रकाराने १८३३ च्या सुमारास एदो ते क्योतो ह्या रस्त्यावरचे सगळे मुक्काम काढले, त्यात भिजत पळणारे हमाल आहेत, चढ चढून थकलेले पालखीचे भोई आहेत. ह्या चित्रांना ते लोक ‘उकियो’ जगाची चित्रे म्हणत. उकियो हा शब्द मूळ आपल्या ओळखीचा, बौद्ध अर्थाचा : दुःखाने भरलेले, क्षणभंगुर जग. पुढे मौजेने त्याचा अर्थ बदलला आणि ‘तरंगते जग’ असा झाला. टिकणार नाही म्हणून रडायचे की टिकणार नाही म्हणून आज नीट पाहून घ्यायचे, असा तो फरक.

आज त्याच लाटेची एक जुनी प्रत मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २७ लाख ६० हजार डॉलरना गेली. आपल्या पैशांत बावीस कोटींच्या वर. मधल्या काळात काय घडले, तर हे कागद युरोपात गेले. व्हॅन गॉग नावाचा डच चित्रकार, ज्याला हयातीत खायची भ्रांत होती, त्याने पॅरिसमध्ये शेकड्यांनी ही चित्रे जमवली, भिंतीला टाचली आणि १८८७ साली हिरोशिगेच्या पावसातल्या पुलाची रंगात नक्कल केली. गरिबाच्या भिंतीवरून उतरलेला कागद असा श्रीमंताच्या तिजोरीत गेला.

छापील चित्राचे आणि बुद्धाचे नाते तर फार जुने आहे. जपानच्या शोतोकू राणीने लाकडाचे दहा लाख चिमुकले स्तूप करवून प्रत्येकाच्या पोटात छापील धारणीची गुंडाळी ठेवली आणि ते दहा विहारांना वाटले. हे काम इ. स. ७७० मध्ये पुरे झाले. आणि साल घातलेले जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक कोणते, तर चीनच्या तुनहुआंग गुहेत सापडलेले वज्रच्छेदिका सूत्र, इ. स. ८६८ चे, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेले. त्याच्या आरंभी लाकडावर कोरलेले चित्र आहे : तथागत बसले आहेत आणि सुभूती त्यांना हात जोडून विचारतो आहे. ते छापवून घेणाऱ्या गृहस्थाने शेवटी नोंद केली आहे की आईवडिलांसाठी, सर्वांना फुकट वाटण्याकरिता हे केले. आपल्याकडे पुण्यानुमोदनाला बुद्धपूजापाठाच्या पुस्तिका वाटतात ना, ती रीत साडेअकराशे वर्षांची आहे.

आता दुसरी बाजू. होकुसाईच्या लाटेवर त्याची सही आहे. फळी कोणी कोरली आणि हात दुखेपर्यंत प्रती कोणी घासल्या त्यांची नावे तिच्यावर नाहीत. बहुतेक जुन्या चित्रांची हीच गत. आणि त्यांच्याही खाली एक माणूस आहे, तो ह्या गोष्टीत कोणी घेत नाही. छपाईची काळी शाई कशी होते? काजळी आणि सरस. कागदावर रंग फुटू नये म्हणून त्याला काय देतात? सरस आणि तुरटी. आणि सरस कशाचा होतो हे आमच्या वाचकांतल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. मेलेल्या जनावराच्या कातड्याचा आणि हाडांचा. जपानात मेलेले जनावर सोलायचे, कातडे कमवायचे काम पिढ्यान्‌पिढ्या एकाच समाजाच्या माथी होते. त्यांना ‘एता’ म्हणत, म्हणजे घाणीने भरलेले. वस्ती वेगळी, लग्नसंबंध नाही, शिवाशीव आहे. तेही बुद्धालाच मानणारे लोक, आणि भोवतालचा समाजही बुद्धालाच मानणारा. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. हातात घेतलेल्या सुंदर कागदाच्या तंतूत आपल्यासारख्यांचे श्रम मुरलेले आहेत, आणि त्या कागदाला शिवायला कोणाला विटाळ झाला नाही, ह्याचा काय अर्थ लावायचा?

१८७१ साली जपान सरकारने हुकूम काढून ही अस्पृश्यता कायद्याने बंद केली. कायद्याने बंद होणे म्हणजे काय हे आपण जाणतोच. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये ह्या लोकांनी स्वतःची संघटना काढली, तिचे नाव सुइहेइशा, म्हणजे सगळ्यांना पाण्यासारखे एका पातळीत आणणारी. बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा १९२४ ची. दोन वर्षांच्या अंतराने पृथ्वीच्या दोन ठिकाणी तेच.

आणि त्याच लाकडी ठशांनी चित्रांप्रमाणे नकाशेही छापलेले आहेत. गूगल कंपनीने एदोकाळातले असे रंगीत नकाशे आपल्या संगणकाच्या नकाशावर चढवले. पाहायला छान. पण जुन्या नकाशांवर ‘एता गाव’ असे स्पष्ट छापलेले होते, आणि आजच्या नकाशाखाली ते गाव नेमके कुठे येते हे कोणालाही बोट ठेवून पाहता येऊ लागले. तिथल्या बुराकू मुक्ती संघटनेने आक्षेप घेतला, मग ते शब्द पुसले गेले. कोणी म्हणेल, जुन्या नकाशातल्या शब्दाने काय होते? १९७५ साली जपानात उघड झाले होते की अशा वस्त्यांच्या गावांची यादी गुपचूप तयार करून कंपन्यांना विकली जात होती. नोकरीला घेताना उमेदवाराचे मूळ गाव पाहायचे, म्हणजे काम झाले. लग्न जुळवतानाही हीच चौकशी. जांबे, मारुंजी, पुनावळे ह्या पट्ट्यात आता उंच इमारती झाल्या आहेत आणि भाड्याने घर मागायला गेलेल्या पोराला पहिला प्रश्न ‘पूर्ण नाव काय?’ हाच येतो. जपानात गाव विचारतात, इथे आडनाव विचारतात.

म्हणून आम्हाला ते चित्र नकोसे झाले का? नाही. उलट त्याच्याकडे पाहण्याची गोडी वाढली. मळवलीच्या कागदी देवांची गोष्ट वेगळी होती, ते आपल्याला नमवायला आले होते. ही लाट कोणाला नमस्कार करा म्हणत नाही.

एक गंमत आणखी सांगायची राहिली. जपानच्या ह्या ठशांवर आपला महाराष्ट्रही आहे. हिरोशी योशिदा हा चित्रकार (१८७६ ते १९५०) मुलगा तोशी ह्याला बरोबर घेऊन १९३०-३१ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात फिरला आणि परत गेल्यावर त्याने ह्या प्रवासाच्या चित्रांची मालिका लाकडावर कोरून छापली. तीत ताजमहाल आहे, काशीचा घाट आहे, सांचीच्या स्तूपाचे तोरण आहे, आणि आपले अजिंठा-वेरूळही आहे. हा योशिदा जुन्या चित्रकारांसारखा चित्र देऊन बाजूला होणारा नव्हता. कोरक्यांच्या आणि छापणाऱ्यांच्या डोक्यावर उभा राही आणि स्वतःही फळी कोरी. आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतीवर तो ‘स्वतः छापलेले’ अशा अर्थाचा शिक्का मारी. एकेका चित्राला तीस-तीस वेळा, काहींना त्याहून अधिक वेळा कागद फळीवर ठेवावा लागे. शिडाच्या होड्यांचे त्याचे एक चित्र १९२६ चे आहे : फळ्या त्याच, रंग बदलून त्याने पहाट, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र अशी वेगवेगळी चित्रे काढली. १९२३ च्या तोकियोच्या भूकंपात त्याच्या फळ्या आणि छापलेले कागद जळून गेले होते. माणूस खचला नाही, उरलीसुरली चित्रे घेऊन अमेरिकेत विकायला गेला. आमच्या पूर्वजांपैकी कोणी सह्याद्रीच्या दगडात छिन्नीने चैत्य कोरले असतील, आणि दोन हजार वर्षांनी बुद्धाच्या वाटेवरचा एक जपानी माणूस येऊन तीच लेणी लाकडात कोरून घेऊन गेला, हा विचार आम्हाला फार सुखावतो.

आता घरातल्या माणसांच्या कामाचे. अशी चित्रे आपल्याला परवडतात का? जुनी अस्सल प्रत विसरा. तोकियोच्या आदाची संस्थेसारख्या ठिकाणी आजही नव्याने लाकूड कोरून जुन्याच रीतीने हातछपाई करतात, त्या प्रती हजारांत मिळतात, लाखांत नव्हे. तेही जमले नाही तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ पासून आपल्याकडच्या हजारो जुन्या चित्रांचे मोठे, स्पष्ट फोटो सर्वांना मोफत खुले केले आहेत, त्यात ही लाट आहे. मुलाबाळांना मोबाइलवरून ते उतरवता येते आणि डिजिटल छपाईच्या दुकानात चांगल्या जाड कागदावर छापून मिळते. मूळ आकार साधारण दहा इंच गुणिले पंधरा इंच. तेवढाच ठेवावा. भिंतभर मोठे केले की रेषांची धार जाते.

चित्र छापणे सोपे, टिकवणे अवघड. आणि इथे आमची चूक सांगतो.

आजोबांनी देहूरोडहून आणलेले तथागतांचे ते चित्र साठाहून अधिक वर्षे आमच्या भिंतीवर होते. काच थेट कागदावर टेकलेली, मागे पत्र्याचा तुकडा. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. चार महिने मातीच्या भिंतीतून ओल येणार, काचेच्या आतून दव धरणार. जुने घर पाडून स्लॅबचे बांधले तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने ती तसबीर नव्या चौकटीत घालायला एका दुकानात नेली. दुकानदाराने मागचा पत्रा काढला, काच उचलली, आणि अर्धा चेहरा काचेबरोबर वर आला. कागदावर कपाळ आणि एक डोळा राहिला. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, घाई आम्हीच केली होती. वडील तेव्हा हयात होते. ते रागावले नाहीत, दोन दिवस बोललेच नाहीत. ती काच आणि तो कागद आम्ही जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. टाकवत नाहीत.

म्हणून आमचे वाचकांना कळकळीचे सांगणे आहे की काच कागदाला टेकता कामा नये. मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी, दुकानदार तिला माउंट म्हणतात, ती घालायला सांगा. दोन इंच रुंद असली तर चित्रही उठून दिसते. कागद पाठीच्या हार्डबोर्डाला फेव्हिकॉलने चिकटवू देऊ नका. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन बिजागऱ्या करून गव्हाच्या खळीने टेकवला की पुरे. सेलोटेप तर मुळीच नको, काही वर्षांत तिचा तांबडा डाग चित्रात उतरतो. तसबिरीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा, म्हणजे भिंत आणि तसबीर ह्यांच्यात हवा खेळेल. खिडकीसमोर, उन्हाच्या तिरिपेत लावू नका. जुन्या जपानी चित्रांचे लाल-जांभळे रंग उन्हानेच उडाले आहेत. काच पुसताना तिच्यावर पाणी शिंपडू नका, फडके ओलसर करून पुसा, नाहीतर पाणी कडेने आत जाते. पावसाळा सरला की सगळ्या तसबिरी एकदा उतरवून मागून पाहाव्यात. कसर, वाळवी, झुरळाची अंडी जे काही असेल ते तेव्हाच दिसते. हे नियम लाटेसाठी आहेत तसेच बाबासाहेबांच्या तसबिरीसाठीही आहेत. आपण हार बदलतो, उदबत्ती लावतो, पण पाठ कोणी पाहत नाही. उदबत्तीचेही सांभाळून. धुराची काजळी काचेच्या फटीतून आत जाते.

भाच्याने आणलेली लाट आम्ही उघडून पाहिली. कंपनीचे काम, तरी माउंट नव्हता. तो घालून घेतला. मग प्रश्न आला कुठे लावायची. वंदनाच्या भिंतीवर नको ह्यावर सगळ्यांचे एकमत होते. तिथे दुसरे काही शोभणार नाही. शेवटी ती समोरच्या भिंतीवर, मातोश्रींच्या पलंगाच्या पायथ्याला लागली. पत्नीची फळी स्वयंपाकघरात गेली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी मातोश्रींनी आम्हाला हाक मारली. त्या चित्राच्या जवळ उभ्या होत्या, नाक काचेला लागेल इतक्या.

‘‘अरं, ह्यात माणसं हायती.’’

आहेतच. लाटेखाली तीन लांब होड्या आहेत आणि त्यांत दोन्ही बाजूंना माणसे वल्ह्यांवर वाकून, एकमेकांना चिकटून बसली आहेत. मासळी ताजी असताना एदोच्या बाजारात पोचवणाऱ्या ह्या वेगवान होड्या. लाट बघणारे लाटच बघतात. आम्ही इतके वाचले, तरी ती माणसे मातोश्रींनी दाखवीपर्यंत आम्ही धड पाहिली नव्हती.

‘‘कामाला निघालेत जनू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोचली का रं पुढं?’’

चित्रात ते नाही, असे आम्ही सांगितले. त्यांनी एका होडीतली डोकी मोजायला घेतली होती, ती त्या पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या. बुचाचे दोन काप उरले होते. ते त्यांच्या सांगण्यावरून त्याच दिवशी आजोबांच्या तसबिरीला मागून लावले.